राहीची संमती

॥ श्री ॥

मुरुड, ता. दापोली
४ डिसेंबर २०२३

चि. गुरुप्रसाद यास ताईचे अ. उ. आ.

काल तुझा फोन आला तेव्हा मी धड बोलले नाही, म्हणून तू मनात काहीतरी धरून बसला असशील. राही शेजारीच बसून सुपारी सोलत होती. हल्ली फोन वाजला की हातातलं टाकून येते आणि मला स्पीकर लावायला लावते. बोलायचं होतं तिच्याबद्दलच, म्हणून हे पत्र. आपल्याकडे पोस्टमन अजून येतो, आणि निवृत्त मास्तरीणबाईंना अक्षर गिरवायला निमित्त हवंच असतं.

किडनी द्यायला समीक्षाचा रक्तगट तुझ्याशी जुळला नाही आणि माझी साखर बघून डॉक्टरांनी मला दारातूनच परत पाठवलं, हे मी परवा शेजारच्या येसूबाईंना पडवीत सांगत होते. राही आत भाकऱ्या थापत होती. पिठाच्या हातांनी तशीच बाहेर आली आणि म्हणाली की माझी घ्या. येसूबाई हसल्या. मीही हसले, खोटं कशाला लिहू. राही हसली नाही. तिने विचारलं की माणसाला किडन्या किती असतात. मी म्हटलं, दोन. दादाला एक लागते ना, मग झालं, असं म्हणून ती आत गेली आणि तव्यावरची भाकरी उलटली.

दोन दिवस मी विषय काढला नाही. तिने सोडला नाही. तिसऱ्या दिवशी तिला दापोलीला नेऊन रक्त तपासून आणलं. तुझाच गट आहे, ओ. सुईला ती किती भिते हे तुला माहीत आहे. बाकावर माझा पदर तोंडात धरून रडली, पण हात मागे घेतला नाही.

आपली धाकटी बहीण सदतीस वर्षांची बाई आहे, गुरू. शाळा तिसरीपुढे गेली नाही, घड्याळ कळतं पण तारखा कळत नाहीत, नव्या माणसापुढे जीभ अडखळते. हे सगळं खरं. पण तुला शहाळ्याचं पाणी चालत नाही हे कळल्यापासून ती स्वतः शहाळं पीत नाही. मी तसं करायला सांगितलेलं नाही. विचार करून उत्तर दे.

समीक्षाला आशीर्वाद. पाण्याचं माप पाळ. माझा लोभ पत्रात कमी दिसला तरी कमी समजू नये.

तुझी,
ताई


रत्नागिरी
१३ डिसेंबर २०२३

ती. ताईस, सा. न. वि. वि.

हे उत्तर डायलिसिसच्या खुर्चीवरून लिहितो आहे. डाव्या हातात दोन सुया, उजवा मोकळा, समोर चार तास. आठवड्यातून तीन वेळा एवढी सवड कॉलेजच्या ग्रंथालयात बावीस वर्षांत कधी मिळाली नव्हती. शेजारच्या खुर्चीवर दाभोळचे एक धोंडूकाका असतात, जन्मभर बोटीवर होते. मी तुला लिहितो आहे हे कळल्यावर त्यांनी विचारलं की बायकोला लिहितोस की दुसऱ्या कुणाला. मी म्हटलं, मोठ्या बहिणीला. ते म्हणाले, म्हणूनच तोंड एवढं घाबरलेलं आहे.

ताई, नाही. राहीची किडनी मी घेणार नाही.

तुला फणसाखालची गोष्ट आठवते का? मी सतरा वर्षांचा होतो, ती सहा. मी तिला म्हटलं होतं की मी येईपर्यंत इथेच उभी राहा, आणि मित्रांबरोबर हर्णैला निघून गेलो. संध्याकाळी परत आलो तर ती तिथेच. लाल मुंग्या गुडघ्यापर्यंत चढलेल्या, पाय सुजलेले, आणि मला बघून ती हसली. तेव्हापासून तिला काही सांगायचं म्हणजे मी दहा वेळा विचार करतो. मी मागितलं तर ती डोळेही काढून देईल. जिला नाही म्हणता येत नाही, तिच्या होकाराला मी काय धरून बसू?

माझं नाव मुंबईच्या यादीत आहे. कुणा गेलेल्या माणसाची मिळाली तर मिळेल. तोपर्यंत यंत्र आहे, समीक्षा आहे. घरात आम्ही नवराबायको दोघंच, तीही आता माझ्याबरोबर बिनमिठाचं जेवते आणि चव लागल्याचं नाटक करते. राहीला सांग की दादाला गरज नाही.

थोड्यात जास्त समजून घे. तुझा लोभ आहे म्हणूनच एवढं फटकन लिहिता येतं.

तुझा,
गुरू


मुरुड
२८ डिसेंबर २०२३

चि. गुरुप्रसाद यास अ. उ. आ.

फणसाखाली उभी राहिली ती सहा वर्षांची पोर होती. मोठ्या भावाने सांगितलं तर त्या वयाचं कुठलंही मूल उभं राहिलं असतं. बाकीच्यांची वयं वाढली, हिचं तू तिथेच थांबवून ठेवलं आहेस.

तिला नाही म्हणता येत नाही असं लिहिलंस. मग ते निवासी शाळेचं काय? ती एकोणीस वर्षांची होती. आई, तू आणि मी, तिघांनी मिळून ठरवलं. त्या प्रवेशासाठीच तिचं साठ टक्के मतिमंदत्वाचं प्रमाणपत्र काढलं. तिला कुणी विचारलं नाही. नव्या वस्तू दाखवल्या, पेटी भरली आणि सोडून आलो. तिथे तिने जेवण सोडलं. आरडाओरडा नाही, रडणं नाही, ताट आलं की बाजूला सरकवायची. नवव्या दिवशी त्यांनीच फोन करून घेऊन जा म्हणून सांगितलं. एवढा स्वच्छ नकार मी माझ्या आयुष्यात कधी दिलेला नाही. मला बी.एड. करायचं होतं, बाबांनी डी.एड. पुरे म्हटलं आणि मी मान डोलावली. मी शहाणी ना.

दादाला गरज नाही असं मी तिला सांगितलं. तिने विचारलं की मग सुया का टोचतात.

तिचे प्रश्न मी वहीत लिहून ठेवले आहेत. पोट किती लांब कापतात. टाके कोण काढतं. नंतर विहिरीचं पाणी शेंदता येईल का. दुखलं तर ओरडलेलं चालतं का. आणि मी मेले तर माडांचं आगर कोण शिंपणार. मी शस्त्रक्रियेला गेले असते तर यातले दोन प्रश्नही मी विचारले नसते. डॉक्टर सांगतील तिथे सही केली असती आणि सगळे म्हणाले असते, बाई समजूतदार आहे.

माघी गणपतीला येणार होतास त्याचं काय ते कळव. समीक्षाने येताना मिठाचं नाटक इकडे आणू नये, आम्ही दोघी बिनमिठाचं करून ठेवू. राग येईल तो येऊ दे, पण माया तशीच राहू दे.

तुझी,
ताई


रत्नागिरी
२ मार्च २०२४

ती. ताईस, सा. न. वि. वि.

तू आणि राही येऊन गेलात त्याला दहा दिवस झाले. छातीत भरलेलं पाणी उतरलं आहे, जिना चढता येतो. तुम्ही आलात तेव्हा मी दवाखान्यात नळ्यांनी बांधलेला होतो, म्हणून तुला बाहेर पाठवून राहीशी दोन तास काय बोललो ते तेव्हा सांगितलं नाही. आज सांगतो.

मी तिला घाबरवायचा प्रयत्न केला. नीट विचार करून, ठरवून. म्हटलं, खूप दुखेल. म्हटलं, तुझी घेऊनही मी मरू शकतो. म्हटलं, तूही मरू शकतेस, आणि राही, तुला हे सगळं कळत नाही. तोपर्यंत ती माझी चादर सरळ करत होती. तेवढ्यावर थांबली. म्हणाली, तुला नको असेल तर नको म्हण. मला कळत नाही असं म्हणू नको.

ताई, मी तोंड भिंतीकडे केलं. मला हवी आहे, हे मी तोपर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं. समीक्षालाही नाही. मला जगायचं आहे. ते मी तिला सांगितलं. ती म्हणाली, मग असं बोल की.

आता व्यवहाराचं. ओळखीच्या वकीलबाई आहेत, सानिका म्हणून. कायदा असा आहे की मतिमंद म्हणून नोंद असलेल्या माणसाचा अवयव जिवंतपणी घेता येत नाही, घरच्यांनी कितीही सह्या केल्या तरी. कायदा दुष्ट नाही. अशा माणसाच्या अंगावर घरचेच हात टाकतील ही भीती खोटी कशी म्हणू? पण प्रमाणपत्र अठरा-एकोणीस वर्षांपूर्वीचं, शाळेच्या प्रवेशापुरतं काढलेलं. त्यावर बोट ठेवून वकीलबाईंनी उच्च न्यायालयात अर्ज केला आहे. न्यायालय तिघा तज्ज्ञांची समिती नेमेल आणि राहीला खरंच कळतं का ते समिती बघेल. जूनमध्ये मुंबईला बोलावतील असं दिसतं.

माझी एकच अट आहे. तिला काही शिकवू नकोस. तू मास्तरीण आहेस, तुझे हात शिवशिवतील. ती जे बोलेल ते तिचं असू दे. त्यांना पटलं तर घेईन. नाही पटलं तर विषय संपला.

समीक्षा नमस्कार लिहायला सांगते. तुझ्या आशीर्वादाचा हात डोक्यावर आहे तो काढू नकोस.

तुझा,
गुरू


मुरुड
२३ जून २०२४

चि. गुरुप्रसाद,

आज आशीर्वाद लिहायला हात धजत नाही, पण मनात आहेतच.

निकालाची प्रत वकीलबाईंनी तुलाही पाठवली असेल. तू फोनवर एवढंच म्हणालास की ठीक आहे. ठीक नाही. मी तुझी अट मोडली.

एप्रिलपासून रोज जेवणानंतर मी राहीला घेऊन बसत होते. चौदा प्रश्न काढले होते. आज वार कोणता, तारीख कोणती, किडनी काय काम करते, तुला कुणी भरीला घातलं का. उत्तरं पाठ करून घेतली. चुकली की पहिल्यापासून. एकदा ती म्हणाली की मी माझं सांगते. मी म्हटलं, तुझं त्यांना कळणार नाही. हे वाक्य माझं आहे, गुरू. तुझ्याशी मी सहा महिने जिच्यासाठी भांडले, तिला मी हे बोलले.

त्या दिवशी मला बाहेर बसवलं. आत तिघं होते. मधल्या डॉक्टरबाई वयस्क, बोलायला मऊ होत्या. त्यांनी काय विचारलं आणि राही काय बोलली ते अहवालात शब्दाला शब्द आहे. मी तो इतक्या वेळा वाचला आहे की आता मलाच तोंडपाठ झाला.

वार विचारला. मंगळवार होता, ती शनिवार म्हणाली. किडनीचं काम विचारलं. म्हणाली, घाण पाणी बाहेर काढते, दादाची बंद पडली म्हणून यंत्र काढतं. हे माझं पाठांतर नाही, मी तिला रक्तशुद्धी असा शब्द दिला होता. काढल्यावर तुझं काय होईल, तर पोटावर टाके, आणि महिनाभर घागर उचलायची नाही. इथवर डॉक्टरबाईंनी कडेला चांगलं असं लिहिलेलं आहे.

मग त्यांनी विचारलं की तुला हे द्यायला कुणी सांगितलं का. राही म्हणाली, कुणी सांगितलं नाही असं सांगायचं, असं ताईने सांगितलंय.

गुरू, ती खरं बोलली. तिला खरंच कुणी सांगितलं नव्हतं, तेही खरं, आणि मी शिकवलं होतं, तेही खरं. तिने दोन्ही खऱ्या गोष्टी त्यांच्यापुढे ठेवल्या. मी शिकवलं नसतं तर तिच्याकडे एकच असती.

शेवटचा प्रश्न होता, की पुढे तुझी राहिलेली किडनी बिघडली तर काय करशील. यावर मी डॉक्टरांकडे जाईन असं पाठ करून घेतलं होतं. ती म्हणाली, मग दादा माझी मला परत देईल.

अहवालात शेवटी लिहिलं आहे की इच्छुक दात्याला प्रक्रियेचे ढोबळ ज्ञान आहे, तथापि परिणामांचे परिपक्व आकलन दिसत नाही, आणि संमती कुटुंबाच्या प्रभावापासून मुक्त आहे असे म्हणता येत नाही. न्यायालयाने तेच धरून अर्ज फेटाळला.

बाहेर आल्यावर राहीने मला विचारलं की मी बरोबर सांगितलं ना. मी हो म्हटलं. गाडीत तिने डबा उघडला आणि मला घास दिला.

सोबत तिची चिठ्ठी आहे. तिने स्वतः लिहिली, मला हात लावू दिला नाही.

क्षमा कर म्हणावं इतकं हे लहान नाही. तरी तोडू नकोस.

ताई


दादास नमस्कार

मी राही. ताईने शुद्धलेखन बघायचं नाही असं मी सांगीतलं आहे. ते लोक नाही म्हणाले. मी खोटं नाही बोलले. ताई रडते आणि डोळ्यात कचरा गेला म्हणते. मी खोटं बोलले असते तर तुला मीळाली असती का ते मला सांग. मग पुढच्या वेळी बोलीन. मांजर व्याली. तीन आहेत. एक पांढरं. तू पाणी जास्त पीऊ नको.

राही


रत्नागिरी
४ जुलै २०२४

ती. ताईस, सा. न. वि. वि.

तीन दिवस तुझा राग आला. खोटं लिहून काय करू? समीक्षाला मी म्हटलं की ताईने मला मारलं. ती म्हणाली, ताईंनी तुम्हाला वाचवायला केलं. दोन्ही ऐकून घेतलं आणि चौथ्या दिवशी राग उतरला. अंगात तेवढी ताकदही राहत नाही हल्ली.

राहीला मी फोन करून सांगितलं की तू बरोबर बोललीस, आणि पुढच्या वेळीही खोटं बोलायचं नाही. पुढची वेळ कधी, असं तिने विचारलं. मी मांजराच्या पिल्लांची चौकशी केली.

त्या परिपक्व शब्दावर मी बराच वेळ घालवला. ग्रंथालयवाला माणूस, शब्दकोश काढून बसलो. ताई, मला रक्तदाब आहे हे मला अडतिसाव्या वर्षी कळलं. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवलं होतं की गोळ्या घेतल्या नाहीस तर आधी मूत्रपिंडं जातील. मी पदवीधर. मला ते चित्र पूर्ण समजलं. घरी येऊन मी चार महिने गोळ्या घेतल्या, मग बरं वाटतं म्हणून सोडल्या. आठ वर्षं. समीक्षा विचारायची तेव्हा घेतो म्हणायचो. त्या आठ वर्षांत कुणी समिती नेमून माझं आकलन तपासलं नाही. तपासलं असतं तर मी पैकीच्या पैकी गुण मिळवले असते.

आणि ते दादा परत देईल. ते वाचून डॉक्टरबाईंना वाटलं असेल की हिला काहीच कळलेलं नाही. कळलं नाहीच, हेही मान्य केलं पाहिजे. दिलेली किडनी परत येत नाही हे तिच्या डोक्यात नव्हतं, आणि ते तिला न कळता मी तिची घेतली असती तर पुढे कुठल्या तोंडाने जगलो असतो? म्हणून मी त्या बाईंना दोष देत नाही. पण माझ्या जागी तू विचार करून बघ. एका माणसाला सगळं जग विचारतं आहे की उद्या तुझ्यावर वेळ आली तर, आणि तिला एका क्षणासाठीही शंका येत नाही की भाऊ आपल्यासाठी तेच करील. माझ्याबद्दल एवढी खात्री मला स्वतःला नाही.

ताई, तू शिकवलंस ते माझ्यासाठी. आता तो विषय तू उगाळायचा नाहीस. यादीत माझा नंबर थोडा वर सरकला आहे असं कळतं. धोंडूकाका गेल्या आठवड्यात वारले, त्यांच्या खुर्चीवर आता कुणी नवीन येतो.

पांढरं पिल्लू कुणाला देऊ नका. माझा जीव तुम्हा दोघींत आहे, तो तुमच्यापाशी असू द्यावा.

तुझा,
गुरू


॥ श्री ॥

मुरुड
२ फेब्रुवारी २०२५

चि. समीक्षास ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या नावामागे काय लिहावं हे मला कळेना, म्हणून नुसतं चि. लिहिलं आहे. तेवढं माझ्या हातात आहे.

तुला सोडून आले त्याला आठवडा झाला. नऊ जानेवारीची सकाळ तू मला सांगितलीस तशी माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. तू त्याला मोजून अर्धा कप चहा दिलास, तो खिडकीत बसून प्यायला, कप खाली ठेवला आणि मान टाकली. यातना नव्हत्या, हे तू दहा वेळा सांगितलंस, बहुतेक स्वतःलाच सांगत होतीस. सांगत जा.

तुझं काल पत्र आलं. तू विचारलं आहेस की राहीला सांगितलं का. नाही सांगितलं. तुझा फोन आला तेव्हा ती आगरात झावळ्या गोळा करत होती. मी तिला म्हटलं की दादाला जरा जास्त झालंय, मी जाऊन येते, तू येसूबाईंकडे राहा. तिने स्वतःची पिशवी आणली. मी म्हटलं, दवाखान्यात एकालाच सोडतात. तिने पिशवी परत खुंटीला लावली.

तिला सरणापुढे कसं उभं करायचं, तिला ते झेपणार नाही, असं मला वाटलं. तेव्हा तेच योग्य वाटलं. आता रोज विचारते, दादाचा फोन का नाही. मी सांगते की त्याचा घसा बसला आहे. ती म्हणते, मग मी बोलते, त्याने ऐकायचं. काल मी बंद फोन तिच्या कानाला लावून दिला, समीक्षा. ती पंधरा मिनिटं बोलली. आंब्याला मोहोर किती आला ते सांगितलं.

या आठवड्यात सांगेन. शब्द जुळवते आहे. तू जेवत जा, आणि मीठ घालून जेव आता. नातं होतं ते तसंच आहे असं धरून चाल.

तुझी,
ताई


रत्नागिरी
१५ फेब्रुवारी २०२५

ती. वन्संना समीक्षाचा सा. न. वि. वि.

परवा दुपारी फोनवर तुम्हाला एवढंच सांगितलं की राही इथे पोचली आणि सुखरूप आहे. पुढचं बोलता आलं नाही कारण ती समोर उभी होती आणि तुमच्याशी बोलायला नाही म्हणत होती. आज ती बागेत झाडांना पाणी घालते आहे, म्हणून लिहायला बसले.

दाराची घंटा वाजली, उघडलं तर ती. खांद्याला पिशवी, हातात चपला, कारण पट्टा तुटलेला. दापोलीहून रत्नागिरीच्या गाडीत बसली होती, कंडक्टरला तिने माझ्या सोसायटीचं नाव सांगितलं आणि उतरल्यावर विचारत विचारत आली. एवढा प्रवास तिने आजवर एकटीने केला नव्हता. मी तिला आत घेऊन पाणी दिलं. ती प्यायली नाही. घरभर फिरली. खिडकीतली खुर्ची बघितली. मग मला विचारलं की वहिनी, दादा कधी मेला. तिने हाच शब्द वापरला, वन्सं. आम्ही सगळे गेला, वारला, सोडून गेला म्हणत होतो.

तिला कसं कळलं ते तिनेच सांगितलं. येसूबाई कुणाला तरी म्हणाल्या की भाऊ गेल्यापासून ताई खंगली. राहीने त्यांना विचारलं की कुठे गेला. त्या गडबडल्या आणि रडायला लागल्या. तिथून ती घरी आली, तुम्ही बँकेत गेला होतात, तिने पिशवी घेतली आणि निघाली.

मी तिला तारीख सांगितली. तारीख तिला कळत नाही म्हणून मी म्हटलं, संक्रांतीच्या आधी. ती बोटांवर काहीतरी मोजत बसली. मग म्हणाली की मी फोनवर बोलले तेव्हा तिकडे कोणी नव्हतं. मी हो म्हटलं. मला खोटं बोलवेना.

काल तिला स्मशानात घेऊन गेले. तिनेच सांगितलं की ने. तिथे आता काय असणार, काळा पडलेला चौथरा आणि कोपऱ्यात लाकडं. ती बराच वेळ उभी होती. मी धरायला गेले तर हात बाजूला केला. रडली नाही. परत फिरताना मला म्हणाली, किडनी नको तर नको. पण मला सांगितलं असतं तर मी आले असते.

वन्सं, तुम्हाला दुखवायला हे लिहीत नाही. मीही त्या दिवशी तुम्हाला विचारलं नव्हतं की राही कुठे आहे. माझ्या डोक्यातच आलं नाही. ती नसणं मला साहजिक वाटलं, याची मला तुमच्याइतकीच लाज वाटते.

ती म्हणते की आता इथे राहीन. किती दिवस ते ठरलेलं नाही. तुम्ही तिच्या कायदेशीर पालक आहात, घेऊन जायचं म्हणालात तर मी अडवू शकत नाही. पण तिला न विचारता येऊ नका, एवढी विनंती. माझ्यावरची माया आवरती घेऊ नये.

आपली,
समीक्षा


मुरुड
२१ फेब्रुवारी २०२५

चि. राहीस,

आजवर मी तुला एकही पत्र लिहिलेलं नाही. तुझ्याबद्दल पुष्कळ लिहिली. दादाला लिहिली, वहिनीला लिहिली, कोर्टात अर्ज लिहिला. हे तुला आहे. मोठ्या अक्षरात लिहिते आहे. कुणाला वाचून दाखवायला सांगू नकोस. हळूहळू तूच वाच.

दादा तुला का दिसला नाही ते सांगते. कारण मी तुला नेलं नाही. दवाखान्यात एकालाच सोडतात हे खोटं होतं. दादा तेव्हाच मेला होता. त्याचा घसा बसला हेही खोटं होतं. फोन बंद होता हे मला माहीत होतं आणि मी तो तुझ्या कानाला लावला. मी तुला लहान समजले. तू लहान नाहीस.

मुंबईला त्या बाईंनी तुला विचारलं तेव्हा तू खरं बोललीस. चूक माझी होती. दादाला किडनी मिळाली नाही ती तुझ्यामुळे नाही. हे वाक्य परत वाच.

एक गोष्ट मी तुला कधी नीट सांगितली नाही, ती आता सांगते. तुझी किडनी दादाला दिली असती तर ती परत मिळाली नसती. एकदा दिली की दिली. दादाला द्यायची असती तरी देता आली नसती. हे मी तुला आधी सांगायला हवं होतं आणि मग विचारायला हवं होतं. मला भीती होती की हे कळल्यावर तू नाही म्हणशील. म्हणून सांगितलं नाही. हे मी दादालाही कबूल केलं नव्हतं. आता तुला कळलं आहे. तू काय म्हणाली असतीस ते मला ठाऊक नाही, आणि आता विचारून दादाला उपयोग नाही.

वहिनी म्हणते की तू तिथे राहणार. मी तुला न्यायला येणार नाही. तुझे कपडे आणि नव्या चपला उद्याच्या गाडीने पाठवते. आगराला पाणी मी घालते, दोन माड राहतात ते येसूबाई घालतात. तू परत ये असं मला वाटतं. रोज वाटतं. पण ते माझं वाटणं आहे. तुला काय वाटतं ते तू ठरव. ठरायला वेळ लागला तर लागू दे. तुला उत्तर लिहावंसं वाटलं तर लिही, आणि नाही वाटलं तर लिहू नकोस.

मला तुझ्या माफीची घाई नाही.

तुझी बहीण,
दमयंती